लस मिळाली; चार शब्द मिळाले का?

आरोग्य केंद्राच्या दारात उभे राहून ‘लसीकरणाच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’ असे विचारले, तर बहुतेक आया ‘हो, चांगलं आहे’ असेच उत्तर देतील. लस मोफत मिळाली, सिस्टर ओळखीच्या आहेत, पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायचे आहे. मग वाईटपणा कोण कशाला घेईल? अशा उत्तरांची बेरीज होते, ‘जनता समाधानी’ असा शेरा पडतो आणि फाइल बंद होते. माझ्या मते या पद्धतीत मोठी खोट आहे. जी बाई पहिल्या डोसानंतर पुन्हा फिरकलीच नाही, तिला हा प्रश्न कोणी विचारतच नाही. खरे मत तर तिचेच आहे. ते तिने बोलून नव्हे, न येऊन सांगितले आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) देशाचे आकडे पाहा. एक ते दोन वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी सुमारे ९५ जणांना बीसीजी मिळालेली होती. परंतु बीसीजी, गोवर, पोलिओचे तीन आणि त्रिगुणी किंवा पेंटाचे तीन डोस, असे मूलभूत लसीकरण पूर्ण झालेली बालके होती सुमारे ७६. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हा आकडा ६२ होता. म्हणजे प्रगती निश्चित झाली आहे, आणि तिचे श्रेय लसीचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना व आशाताईंना द्यायलाच हवे. याच सेवेच्या बळावर देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

पण ९५ आणि ७६ यांच्या मधली ती १९ बाळे कोणती? त्यांचे आईबाप लसीच्या विरोधात नाहीत. ते एकदा तरी आपल्या सेवेपर्यंत पोहोचले होते. पुढे ते का गळाले, याचा शोध घेतला की समाधान-असमाधानाचे खरे उत्तर सापडते.

पहिले कारण म्हणजे न सांगितलेला ताप. पेंटाच्या इंजेक्शननंतर बाळाला एक-दोन दिवस ताप येणे, मांडी थोडी सुजणे व दुखणे, बाळाने किरकिर करणे हे अपेक्षितच आहे. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुटकुळी येते, कधी ती फुटते, आणि आपोआप बरी होऊन वण राहतो. हे आधी माहीत असेल तर आई धीराने घेते. माहीत नसेल तर रात्री बाळ रडू लागताच घरात चर्चा सुरू होते: ‘चांगल्या लेकराला सुई टोचून आजारी पाडलं.’ पुढच्या डोसाच्या वेळी सासूबाई नातवाला पाठवत नाहीत. त्यांचा राग चुकीचा असेल. पण तो आपल्या मौनातून जन्मला आहे.

वास्तविक प्रत्येक आईला चार गोष्टी सांगाव्यात, असे आरोग्यसेविकांना प्रशिक्षणातच शिकवलेले असते. आज कोणती लस दिली व ती कोणत्या रोगापासून वाचवते. त्रास काय होऊ शकतो व झाल्यास काय करायचे. पुढची तारीख कोणती. आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी बरोबर आणायचे. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. सत्राला पन्नास बाळे, रजिस्टर, शिवाय मोबाइलवरची नोंद, आणि सिस्टर एकटी. अशा वेळी सुई टोचली जाते आणि हे चार शब्द मात्र राहून जातात.

दुसरे कारण ‘आज नाही, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य. यामागे तांत्रिक अडचण असते. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसींची पावडर द्रावणात मिसळली, की कुपी चार तासांत वापरावी लागते. उरलेली लस टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. एकच बाळ आले तर बाकीची लस वाया जाईल, वरून विचारणा होईल, या धास्तीने आईला परत पाठवले जाते. पेंटाची गोष्ट वेगळी आहे; योग्य काळजी घेतल्यास तिची उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत वापरता येते. माझे स्पष्ट मत असे की, एका बाळासाठीसुद्धा कुपी फोडावी. वाया गेलेले डोस पुन्हा मागवता येतात; मजुरी बुडवून चार किलोमीटर चालत आलेली बाई परत येईलच, याची खात्री कोण देणार?

तिसरे कारण सर्वांत कमी बोलले जाते, ते म्हणजे रागावणे. उशिरा आलेल्या आईला चारचौघांत ‘इतके दिवस झोपली होतीस का?’ असे ऐकावे लागते. ती माहेरी गेलेली असते, बाळ आजारी असते, किंवा घर ऊसतोडीला गेलेले असते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात असंख्य कुटुंबे कारखान्यांच्या भागात जातात व पाच-सहा महिने तिकडेच राहतात. उशीर झाला म्हणून लसीकरण पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जिथे थांबले तिथून पुढे चालू करायचे असते. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात राहिली, तर पाच वर्षांचे होईपर्यंत देता येते. बाळ कोणत्याही गावचे असो, ते जिथे आहे तिथल्या केंद्रात लस मिळते. पण ही माहिती मिळण्याआधी बोलणी मिळाली, तर ती आई पुन्हा त्या दारात पाय ठेवत नाही.

आता आपल्या गावातील सुशिक्षित मंडळींबद्दल. ‘फुकटची लस हलकी’ हा समज अजून गेलेला नाही. खासगी दवाखान्यात ‘न दुखणारी’ लस घेऊन आपण बाळासाठी उत्तम ते केले, असे त्यांना वाटते. या लसीने ताप कमी येतो हे खरे. परंतु डांग्या खोकल्यापासून मिळणारे तिचे संरक्षण जुन्या ‘दुखणाऱ्या’ लसीच्या मानाने लवकर ओसरते, हेही तितकेच खरे. ज्यांना खासगीत घ्यायची आहे त्यांनी जरूर घ्यावी. पण ताप आला नाही म्हणजे सेवा चांगली, ही कसोटी बरोबर नाही. सरकारी केंद्रातील लसही दोन ते आठ अंश तापमानात, शीतसाखळी सांभाळूनच येते. खासगी दवाखान्यातही फ्रिजचे तापमान लिहून ठेवतात का, हे विचारायला आपण संकोचू नये.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत, तसेच भिवंडी व मालेगावात गोवराची साथ पसरली आणि त्यात बालके दगावली. कोरोनाच्या काळात अनेक बाळांच्या लसी राहून गेल्या होत्या. आपल्याकडे गोवराला अजूनही ‘देवीचा कोप’ किंवा ‘अंगावर आलं, उतरेल’ म्हणून सोडून देतात. पण त्यातून न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, क्वचित मेंदूला सूज येते, आणि कुपोषित मुलाला ते झेपत नाही. गोवर इतका झपाट्याने पसरतो, की शंभरांतली थोडी मुले सुटली तरी त्याला वाट सापडते.

म्हणून ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न सोडून द्यावा, असे मी सुचवतो. त्याऐवजी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या आईला विचारावे: आज कोणती लस दिली? ताप आला तर काय कराल? पुढची तारीख कोणती? यापूर्वी कधी लस न घेता परत जावे लागले का? शिवाय, जी बाळे आली नाहीत त्यांच्या घरी जाऊन ‘आमचे काय चुकले?’ हेही विचारावे. या उत्तरांचा फलक दर महिन्याला आरोग्य केंद्राबाहेर लागला, तर सुधारणेला वेगळी मोहीम लागणार नाही. सत्राच्या ठिकाणी सावली, बसायला बाक आणि प्यायला पाणी ही सोय तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका सहज करू शकते.

वाचकांनीही आपला वाटा उचलावा. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. टोचलेल्या जागी तेल, हळद लावू नये, चोळू नये. तापाचे औषध किती द्यायचे ते सिस्टरकडून विचारून घ्यावे. ताप फार चढला, झटके आले किंवा बाळ मलूल झाले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. आणि सिस्टर घाईत असतील, तर आपणच नम्रपणे विचारावे, ‘ताई, ही कोणती लस? पुन्हा कधी आणू?’ विचारणे हा उद्धटपणा नव्हे. लसीइतकाच त्या उत्तरावरही आपल्या बाळाचा हक्क आहे.