पत्ता बरोबर, शेरा अपुरा

अलिबागच्या इस्रायल आळीत मी बरीच वर्षं टपाल वाटलं. किहिमकर, पेणकर अशा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, नावांची पाकिटं हळूहळू परत जाऊ लागली. मी त्यांच्या पाठीवर शेरा मारायचो, 'सोडून गेले'. तो खराच होता. माणसं आपल्या मर्जीने इस्रायलला गेली होती. सुट्टीत आली की माझ्याशी मराठीत गप्पा मारायची, मालिदा हातावर ठेवायची.

माझी पुतणी पोलंडमधल्या लुब्लिनला डॉक्टरकी शिकते. तिथे दर 19 एप्रिलला शाळेची मुलं एका मुलाला पत्रं लिहितात: हेन्यो झितोमिर्स्की, 11 कोवाल्स्का रस्ता, लुब्लिन. ती पत्रं 'घेणारा माहीत नाही' असा शेरा घेऊन परत येतात. हे ऐकल्यापासून माझ्यातला पोस्टमन स्वस्थ नाही.

हेन्यो ज्यू मुलगा, जन्म 1933 चा. वडील दरवर्षी त्याचा फोटो काढायचे. शेवटचा 5 जुलै 1939 चा, बँकेच्या दाराशी, हसरा. 1 सप्टेंबरला तो पहिलीत बसणार होता. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. 1942 मध्ये मायदानेकच्या नाझी छावणीत त्याचा जीव घेतला गेला. वय नऊ. आणि घेटोतलं, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतलं, टपाल कार्यालय सांभाळत होते त्याचेच वडील!

'पत्र परतच येणार, मग मुलांना कशाला फसवायचं?' असं एक मित्र म्हणाला. मला हे पटत नाही. युद्धाआधी लुब्लिनमध्ये सुमारे 43,000 ज्यू राहत होते, गावातला दर तिसरा माणूस. एवढ्या आकड्याला कुणी पत्र लिहू शकत नाही. हेन्योला लिहिता येतं: शाळा कशी आहे, तुला कुठला खेळ आवडायचा. पाकीट परत आलं की पोर घरी विचारतं, 'हा गेला कुठे?' त्या प्रश्नासाठीच तर पोस्टाची तिकिटं लावायची.

आपल्याकडच्या शाळांतही स्मृतिदिन होतात. तसबिरीला हार, दोन मिनिटं स्तब्धता, पाहुण्यांचं भाषण, की पोरं डबे उघडायला मोकळी. त्याऐवजी एका हुतात्म्याचं नाव आणि घराचा पत्ता वर्गाला द्यावा, पोस्टकार्डं वाटावीत. पुढचं काम पत्रच करील.

टपालाच्या शेऱ्यांत 'घर बंद' आहे, 'सोडून गेले' आहे. 'नेऊन मारले' हा शेरा नाही. तो पत्र परत मिळालेल्या पोराने स्वतः लिहायचा असतो.