ऑनलाइन धडे न अडकता दिसावेत यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
(मार्फत : मा. तहसीलदार, भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे))

महोदय,

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. शाळा पुन्हा भरल्या, पण शिकवण्या आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग मोबाईलवरच राहिले. हिर्डोशी खोऱ्यातल्या आणि पानशेतपलीकडच्या आमच्या मुलांचा धडा आजही मध्येच थांबतो. म्हणून आम्ही पालकांच्या वतीने पुढील मागण्या करीत आहोत.

१. खालचा दर्जा
व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत ठेवतात. रेंज पाहून प्लेअर त्यातला एक निवडतो. सर्वांत खालचा दर्जाच रेंजला जड असेल, तर नुसती चकरी फिरते.
मागणी : शासकीय धडे ३०० केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आत आणि केवळ आवाजाच्या स्वरूपातही मिळावेत, अशी शिफारस शिक्षण विभागाकडे करावी. ४५ मिनिटांच्या धड्याला २.५ एमबीपीएसने सुमारे ८४० एमबी डेटा लागतो, ३०० केबीपीएसने सुमारे १०० एमबी.

२. फळ्यावरचे आकडे
दर्जा उतरला की फळ्यावरचे ३ आणि ८ सारखेच दिसतात. उदाहरण तिथेच चुकते.
मागणी : प्रत्येक धड्यासोबत फळ्यावरील मजकुराची पीडीएफ द्यावी.

३. ग्रामपंचायतीची जोडणी
केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस देण्याचे आहे.
मागणी : जोडणी चालू आहे तेथे सायंकाळी ६ ते ९ वायफाय खुले ठेवावे, म्हणजे मुले धडे उतरवून घरी नेतील. बंद आहे तेथे दुरुस्तीची तारीख फलकावर लावावी.

४. मोजणी
२०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच ब्रॉडबँड म्हणतात. दूरसंचार सेवेच्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाईल कंपन्यांना रेंजचे नकाशेही प्रसिद्ध करावे लागतात. पण नकाशात रंग भरलेल्या वाडीत धडा चालतोच असे नाही.
मागणी : वाडीवार मोजणी करावी, तीही भर पावसाळ्यात आणि सायंकाळी. धडा सुरू व्हायला किती वेळ लागला, किती वेळा थांबला आणि कोणत्या दर्जात दिसला, हे नोंदवावे. मोजणीसाठी माणसे आणि मोबाईल आम्ही देऊ.

पहिल्या दोन मागण्यांसाठी एकही टॉवर उभारावा लागत नाही. त्या येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी पूर्ण व्हाव्यात. सर्व मागण्यांवर ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि ६० दिवसांत भोर येथे संबंधित कंपन्यांसह संयुक्त बैठक घ्यावी. बैठकीचे इतिवृत्त दोन्ही तहसील कार्यालयांत लावावे.

अध्यक्ष व सचिव,
भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे) तालुक्यांतील पालकांच्या वतीने