घरोघरी सोलर बसतंय, पण ते धुण्याचा धंदा वाढेल का?

पुणे, नाशिक, संभाजीनगर किंवा नागपूरच्या एखाद्या उंच इमारतीवरून खाली पाहिलं, तर बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर निळ्या-काळ्या काचांच्या रांगा दिसतात. पाच वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना' आणली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि १ कोटी घरांच्या छतावर सोलर बसवण्याचं उद्दिष्ट आहे. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. गुजरात आणि महाराष्ट्र यात आघाडीवर आहेत.

काच आली की धूळ आली, आणि धूळ आली की ती पुसणारा माणूस लागणार. एवढ्या साध्या तर्कावर सध्या 'सोलर पॅनल क्लीनिंगचा बिझनेस' हा रील्समधला आवडता विषय झालाय. ब्रश घ्या, पाइप घ्या, महिन्याला लाखभर कमवा, असं सांगितलं जातं. कोणी फ्रँचायझी विकतं, कोणी दोन दिवसांचं ट्रेनिंग विकतं. गावाकडची, तालुक्याच्या ठिकाणची मुलं कर्ज काढून यात उतरत आहेत.

धंदा खोटा नाही. पण त्याचं गणित रील्समध्ये दाखवतात तसं नाही.

ग्राहकाला नेमका किती फायदा होतो?

सुरुवात घरगुती ग्राहकापासून करू. महाराष्ट्रात १ किलोवॅटच्या सिस्टीममधून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते असं धरतात. म्हणजे ३ किलोवॅटला १२ युनिट. पावसाळ्याचे चार महिने पॅनल आपोआप धुतले जातात. उरलेल्या आठ महिन्यांत, साधारण २४० दिवसांत, ही सिस्टीम २,८८० युनिट वीज तयार करू शकते.

आता समजा, पॅनलवर धूळ बसल्यामुळे १० टक्के वीज कमी झाली. नुकसान झालं २८८ युनिटचं. युनिटला १० रुपये धरले तर आठ महिन्यांत २,८८० रुपये. त्याच ग्राहकाकडून तुम्ही एका धुलाईचे २०० रुपये घेतले आणि महिन्यातून दोनदा गेलात, तर त्याचा खर्च होतो ३,२०० रुपये. म्हणजे पॅनल स्वच्छ ठेवून ग्राहक तोट्यात. महिन्यातून एकदाच गेलात तर खर्च १,६०० रुपये, मग थोडं जमतं. पण ज्याचा वीजवापर कमी आणि दर खालच्या स्लॅबचा आहे, त्याला एकदाची धुलाईही महागच पडते.

यात आणखी एक मेख आहे. नेट मीटरिंगमध्ये ज्यांचं बिल आधीच शून्याजवळ आलंय, त्यांना जास्तीच्या विजेचं फारसं मोल मिळत नाही. आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेले युनिट वीज कंपनी घेते, पण त्याचा दर ग्राहक विजेसाठी मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. अशा घराला 'तुमची वीज १० टक्क्यांनी वाढवून देतो' म्हटलं तर तो मान डोलावेल, पण पैसे काढणार नाही. आणि त्याचं बरोबरच आहे.

राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी 'स्मार्ट' नावाची पूरक योजना आणली. त्यात १ किलोवॅटची छोटी सिस्टीम बसते. गच्च्यांची संख्या यामुळे वाढेल, पण ही घरं धुलाईची गिऱ्हाइकं नाहीत. दोन पॅनल घरचाच कोणीतरी सकाळी बादली आणि फडक्याने पुसून घेईल. त्यामुळे 'एक कोटी घरं म्हणजे एक कोटी ग्राहक' असं कोणी सांगितलं, तर त्याला आधी हा हिशेब विचारावा.

मग पैसा कुठे आहे?

एमआयडीसीतल्या एका शेडवर १०० किलोवॅटची सिस्टीम आहे असं धरा. पॅनल साधारण १८५. दिवसाला ४०० युनिट. इथे १० टक्के धूळ म्हणजे रोज ४० युनिट, महिन्याला १,२०० युनिट. दर ९ रुपये धरला तरी महिन्याचं नुकसान १०,८०० रुपये. पॅनलमागे २० रुपये घेऊन महिन्यातून दोनदा धुतलं, तर मालकाचा खर्च ७,४०० रुपये. शिवाय कारखाना दिवसा चालतो, तयार झालेली वीज तिथल्या तिथे वापरली जाते. इथे धुलाईचा फायदा बिलात दिसतो.

तीच गोष्ट कोल्ड स्टोरेज, हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, पेट्रोल पंप आणि मोठ्या सोसायट्यांची. सोसायट्यांना लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे अशा सामायिक वापराच्या सिस्टीमसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, त्यामुळे त्यांची संख्याही वाढते आहे. मात्र सोसायटीत तुमचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनी नसते. तो असतो वॉचमन, जो महिन्याला पाचशे रुपये जास्त घेऊन पाइपने पाणी मारतो. त्याच्यापेक्षा तुम्ही काय वेगळं करता, हे कमिटीला दाखवता आलं पाहिजे.

दाखवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये आहे. धुण्याआधीचे तीन निरभ्र दिवस आणि नंतरचे तीन निरभ्र दिवस, दोन्हींचे युनिट शेजारी-शेजारी ठेवायचे. फरक २ टक्के आला तर तसं सांगायचं, आणि 'तुम्हाला दोन महिन्यांतून एकदा पुरे' असंही सांगायचं. एक धुलाई कमी होते, पण ग्राहक टिकतो.

धूळही सगळीकडे सारखी नसते. चंद्रपूरकडे सिमेंट आणि कोळशाची धूळ. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून येणारी राख. पुण्याच्या उपनगरांत बांधकामाची माती आणि कबुतरं. पक्ष्यांची विष्ठा तर साध्या धुळीपेक्षा वाईट, कारण ती एकाच जागी सावली पाडते आणि पॅनलचा तेवढाच भाग तापतो. पाऊस ती नेहमीच धुऊन नेत नाही. म्हणून 'महिन्यातून दोनदा' हे सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच वेळापत्रक विकणं चूक आहे.

एका दिवसात किती घरं?

घरगुती कामात धंदा वाढतो की बसतो, हे दरापेक्षा अंतरावर जास्त ठरतं. दोघांची टीम आहे, एक मालक आणि एक मदतनीस. घरं शहरभर विखुरलेली असतील तर दिवसात सहाच्या वर होत नाहीत. सहा घरांचे १,२०० रुपये. त्यातून मदतनीसाची मजुरी ७०० आणि पेट्रोल २५० गेले की मालकाच्या हातात २५० रुपये राहतात. तीच टीम एकाच कॉलनीत १२ घरं करू शकली तर २,४०० रुपये येतात. मजुरी तेवढीच, पेट्रोल शंभरचं. मालकाला १,६०० उरतात. आकडे समजण्यापुरते आहेत, गावागणिक बदलतील, पण फरक कशामुळे पडतो ते बदलत नाही.

म्हणून पहिली पन्नास घरं शहरभर शोधण्यापेक्षा दोन कॉलन्यांत शोधावीत. ज्या इलेक्ट्रिशियनने किंवा एजन्सीने त्या भागात सोलर बसवलं, त्याच्याशी ओळख करणं जाहिरातीपेक्षा स्वस्त पडतं. योजनेत बसवणाऱ्या एजन्सीवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, पण बहुतेक करारांत रोजची स्वच्छता ग्राहकाकडेच असते. एजन्सीला 'वीज कमी येते' अशी तक्रार आली की तिचा माणूस जाऊन पाहतो आणि बऱ्याचदा निघते ती धूळ. ही फेरी वाचवणारा माणूस एजन्सीला हवाच असतो.

पाण्याचा खर्च नवखे लोक धरतच नाहीत. मराठवाडा, सोलापूर, विदर्भाच्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी जड असतं. त्याने पॅनल धुतले की वाळल्यावर पांढरे डाग राहतात, आणि ते दर खेपेला वाढत जातात. काही महिन्यांनी ग्राहकाला वाटतं, सोलरच खराब झालं. टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो. पाणी जड असेल तर फिल्टर करून न्यायचं किंवा शेवटचा हात मऊ पाण्याचा मारायचा. काम पहाटे किंवा संध्याकाळी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. प्रेशर वॉशरचा जोराचा फवारा आणि पॅनलवर पाय ठेवणं, दोन्ही टाळायचं. आतल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या पॅनलची वीज हळूहळू कमी करतात आणि वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात येतो. काम सुरू करण्याआधी फोटो काढून ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर टाकणं, ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी.

माणूस पडला तर?

रील्समध्ये हा भाग येत नाही, आणि धंदा एका दिवसात बंद पडतो तो इथेच.

पैसा कारखान्यांच्या छतांवर आहे असं वर म्हटलं. ही छतं पत्र्याची असतात. त्यात उजेडासाठी अधूनमधून फायबरचे पारदर्शक पत्रे बसवलेले असतात. दोन-चार उन्हाळे खाल्ले की ते ठिसूळ होतात, आणि धूळ बसली की बाजूच्या पत्र्यातून वेगळे ओळखूही येत नाहीत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचंही तसंच. माणूस त्यावर पाय ठेवतो आणि थेट खाली मशीनवर पडतो. पत्र्यावर चालायचं ते खालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांच्या रेषेवरून, म्हणजे जिथे स्क्रूंची रांग दिसते तिथून, शक्यतो फळ्या टाकून. अंगात आयएस ३५२१ मानकाचा पूर्ण हार्नेस हवा, आणि त्याचा दोर पक्क्या जागी बांधलेला हवा. पॅनलच्या स्टँडला दोर बांधणं म्हणजे नुसतं समाधान.

दुसरा धोका विजेचा. इन्व्हर्टर बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनल वीज तयार करतच असतात. मोठ्या सिस्टीमच्या एका ओळीत कित्येकशे व्होल्ट डीसी असतात. उंदराने कुरतडलेली किंवा उन्हाने उललेली वायर, हातात ओला ब्रश आणि ॲल्युमिनियमचा लांब दांडा, हे समीकरण जीवघेणं आहे.

कामावरच्या मृत्यूची भरपाई देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. १९२३ च्या कायद्यात ती होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. एकच कामगार असला तरी ती टळत नाही. २५ वर्षांच्या कामगारासाठी महिना १५ हजार रुपये वेतन धरून सूत्राप्रमाणे ही रक्कम १६ लाखांच्या वर जाते. २०० रुपये धुलाईच्या धंद्यात एवढे पैसे कुठून येणार? कामगार भरपाई विमा काढला तर ही जबाबदारी विमा कंपनी उचलते, आणि दोन-तीन माणसांसाठी त्याचा हप्ता धंद्याला झेपेल असा असतो. तो न काढता शेडवर माणूस चढवणाऱ्याचा दर नेहमीच तुमच्यापेक्षा कमी असेल. कारखान्याच्या मालकाने स्वस्त कोटेशन निवडताना हेही विचारायला हवं, कारण कंत्राटदार हात वर करतो तेव्हा वारस मूळ मालकाकडेही दाद मागू शकतात.

कागदपत्रं आणि पावसाळा

उद्यम नोंदणी मोफत होते. तिचा उपयोग उधारी वसुलीला होतो, कारण सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकवावं लागतं. न चुकवल्यास देणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा करता येत नाही, ही तरतूद २०२४ पासून लागू आहे. कारखान्याच्या अकाउंट्स विभागाला याची नम्रपणे आठवण करून द्यावी. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र मोठे ग्राहक जीएसटीचं बिल मागतात, कारण त्यांना त्याची वजावट मिळते. घरगुती ग्राहकाला तोच कर निव्वळ बोजा. तुमचं काम कोणत्या बाजूला झुकतंय, त्यावर हा निर्णय घ्यायचा.

उरतो पावसाळा. जून ते सप्टेंबर सोलर धुलाईला कोणी बोलावत नाही, पण मुद्राचा हप्ता थांबत नाही. फक्त पॅनल धुणारे इथेच मोडतात. जे टिकतात ते मे महिन्यात गच्चीच्या पन्हाळी आणि पावसाच्या पाण्याचे पाइप साफ करून देतात, मध्ये टाक्या धुतात, आणि दिवाळीआधी भिंतींवरचं शेवाळ, कंपाउंड, दुकानांच्या दर्शनी काचा घेतात. कोकणात आणि गोव्यात तर पावसानंतर चिऱ्याच्या भिंती आणि कौलं काळी-हिरवी झालेली असतात. तिथे शाकारणी करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पावसाआधी छतावर चढत आली आहेत. कोणत्या कौलावर पाय ठेवायचा आणि कोणत्या नाही, हे त्यांना दोन दिवसांच्या कोणत्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त कळतं.

योजनेच्या पहिल्या वर्षात, २०२४ मध्ये बसलेल्या सिस्टीमची पाच वर्षांची देखभाल २०२९ मध्ये संपायला लागेल. तोपर्यंत स्टँडला गंज चढलेला असेल, कनेक्टर सैल झालेले असतील, आणि बसवणाऱ्या काही एजन्सींचे फोन लागत नसतील. पॅनल धुता धुता वायर आणि नट-बोल्ट तपासून फोटोसह रिपोर्ट देणारा माणूस तेव्हा ग्राहकाला लागेल, आणि त्याचा दर २०० रुपये नसेल.