गाठ दिसली, पण कशाची?

सोनोग्राफीच्या कागदावर ‘लिव्हरमध्ये अनेक घट्ट गाठी’ एवढी ओळ आली, की अकोल्यापासून पाथर्डीपर्यंत कुठल्याही घरात एकच निकाल लागतो : कॅन्सर, शेवटचा टप्पा. रुग्णाला काही सांगायचे नाही, घरी न्यायचे. काही जण तर थेट काविळीचे औषध देणाऱ्याची वाट धरतात. पण सोनोग्राफी गाठ दाखवते. ती कशाची आहे, हे बहुतेक वेळा एकट्या सोनोग्राफीवरून ठरत नाही.

भीती निराधार नाही. उतारवयात वजन घटले, भूक मेली, तर अशा गाठी बहुधा दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या असतात. आतडे, जठर, स्वादुपिंड यांचे रक्त आधी यकृतातून जाते; तिथल्या पेशी इथे अडकून रुजतात. स्तनाचा, फुफ्फुसाचा कॅन्सरही इथे पोहोचतो. दारूने किंवा हेपॅटायटिस बी, सी विषाणूंनी खराब झालेल्या यकृतात त्याचा स्वतःचा कॅन्सरही अनेक ठिकाणी उगवतो.

तरीही इतर कारणे विसरून चालत नाही. रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठी अनेकदा योगायोगानेच सापडतात. क्षयरोग यकृतात गाठींच्या रूपात दिसू शकतो आणि त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आमांशाच्या जंतूमुळे झालेले गळू आतला भाग पातळ होण्याआधी घट्ट गाठीसारखेच दिसते. सोबत ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे असते. कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमधून होणारा हायडॅटिड म्हणजे एरवी पाण्याची पिशवी, पण जुनी झाली की तीही घट्ट वाटते. तयारीशिवाय तिला सुई टोचली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून पारनेरच्या किंवा संगमनेरच्या पठारावरच्या मेंढपाळाने आपला धंदा सांगावा आणि डॉक्टरांनीही तो विचारावा. गर्दीच्या ओपीडीत नेमका हाच प्रश्न राहून जातो.

पुढची पायरी म्हणजे रक्ततपासण्या आणि इंजेक्शन देऊन केलेला सीटी स्कॅन. काही गाठी तिथेच ओळखता येतात, उरलेल्यांसाठी बायोप्सी. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत गावोगाव आहे. तो धोका फार थोडा. तपासणी टाळून महिने घालवण्याचा मोठा. कॅन्सर ठरला तरी सगळे सारखे नसतात. लिम्फोमा औषधांनी आटोक्यात येतो, काही संथ गाठींसह माणूस वर्षानुवर्षे जगतो, मोठ्या आतड्यातून आलेल्या मोजक्या गाठी कधी शस्त्रक्रियेने काढता येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार बसतात, मात्र केमोथेरपीच्या मंजुरीसाठी सहसा बायोप्सीचाच अहवाल मागितला जातो.