नोंद नसलेला बुधवार

गेल्या महिन्यात इंदूरला आमच्या मंडळाच्या सभागृहात नीरज पांडे यांचा २००८ सालचा ‘अ वेनस्डे’ हा हिंदी चित्रपट दाखवण्यात आला. अखेरीस टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्यासारखे निवृत्त सरकारी नोकरही होते, याचा विषाद वाटला. म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्रपटाच्या बांधणीविषयी वाद नाही. अनुपम खेर यांचा पोलीस आयुक्त आणि नसीरुद्दीन शहा यांचा गच्चीवरून दूरध्वनी करणारा अनामिक माणूस, दोन्ही भूमिका समर्थ आहेत. मुंबई पोलीस ज्याला दहशतवादी समजून शोधतात, तो ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांनी पोळलेला सामान्य नागरिक निघतो. कैदेतल्या चौघांना सोडायला लावून तो त्यांचा अंत घडवतो. आयुक्त त्याला जाऊ देतात, आणि या प्रकाराची नोंद कोठेही नाही, असे आपल्याला सांगण्यात येते.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. आयुष्यभर नोटशीट लिहिलेल्या माणसाला ठाऊक असते, की नोंद म्हणजे निव्वळ कारकुनी नव्हे. ज्या कृतीखाली कोणाची सही नाही, तिचा जाब कोणाला विचारणार?

ते चौघे दोषीच आहेत, हे चित्रपटात लेखकाने आधीच ठरवलेले असते. प्रत्यक्षात तशी सोय नसते. त्याच २००६ च्या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ साली बाराजणांना दोषी ठरवले. पाचांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल नजीर म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. अंतिम निर्णय काहीही होवो. गच्चीवरच्या गृहस्थांच्या हाती ही माणसे लागली असती, तर २०२५ साली न्यायालयाने सोडायचे कोणाला? आणि मग खरे गुन्हेगार कोण, हा मृतांच्या आप्तांचा प्रश्नही कायमचा पुरला गेला असता.

न्यायाला विलंब होतो, हे मान्य. त्यावर संताप अवश्य व्हावा. परंतु विलंबावरचा उपाय न्याय त्वरेने करणे हा आहे, न्यायच टाळणे हा नव्हे.

हा चित्रपट प्रदर्शित होऊन तीन महिनेही लोटले नव्हते, तोच २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र उजाडली. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यामुळेच तो जिवंत सापडला. त्याला वकील मिळाला, अपिले झाली, दयेचा अर्जही झाला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी दिली गेली. त्यातील प्रत्येक पायरी कागदावर आहे.

टाळ्या वाजवायच्याच असतील, तर त्या ओंबळ्यांसाठी राखून ठेवाव्यात.