पुतळ्यातला विद्यार्थी चालतो, रस्त्यावरचा चालत नाही

आमच्या सिंधुदुर्गात बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव सगळ्याच पक्षांना लागतं. वेंगुर्ल्याचा हा मुलगा बेचाळीसच्या लढ्यात ऐन विशीत तुरुंगात गेला. पुढे समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला, १९५७ पासून राजापूरचा खासदार झाला. बेचाळीसच्याच लढ्यात, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारमध्ये पंधरा वर्षांचा शिरीषकुमार तिरंगा हातात घेऊन गोळी झेलत होता. त्याच्यासोबत आणखी चार मुलं गेली. या पोरांना आपण हुतात्मा म्हणतो. पण आजच्या पोराने फलक हातात घेतला की म्हणतो, "अभ्यास कर, राजकारणात पडू नको."

हा दुटप्पीपणा चीनच्या राज्यकर्त्यांनी टोकाला नेला. बीजिंगच्या तिआनमेन चौकात हुतात्म्यांचं स्मारक आहे. त्यावर १९१९ च्या ४ मेच्या विद्यार्थी आंदोलनाचं शिल्प कोरलेलं आहे. १९८९ च्या वसंतात लोकशाही मागणारे विद्यार्थी त्याच स्मारकाच्या पायऱ्यांवर बसले. ३ आणि ४ जूनच्या रात्री सरकारने त्यांच्यावर रणगाडे धाडले. दगडातले विद्यार्थी पूज्य, जिवंत विद्यार्थी देशद्रोही! किती मारले गेले, हे सरकारने आजवर नीट सांगितलेलं नाही. हाँगकाँगमध्ये १९९० पासून दरवर्षी लोक मेणबत्त्या लावत. २०२० मध्ये त्यावरही बंदी आली.

त्या आंदोलनाचा एक चेहरा होता वुअर कायशी. उइघुर आईबापाचा मुलगा. उपोषणात आजारी पडला, आणि हॉस्पिटलच्या पायजम्यातच पंतप्रधान ली पेंगला टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सुनावून आला. नंतर तो देशाबाहेर निसटला. आईबापाला भेटता यावं म्हणून त्याने अनेकदा स्वतःहून अटक करून घ्यायचा प्रयत्न केला. चीनने त्याला पकडलंही नाही आणि घरीही येऊ दिलं नाही. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमचीत एका इमारतीला आग लागून किमान दहा जण गेले. कडक कोविड निर्बंधांमुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही, असा लोकांचा आरोप होता. तेव्हा चीनभरचे विद्यार्थी कोरे कागद हातात धरून उभे राहिले. कागदावर एक अक्षर नव्हतं, तरी सरकार घाबरलं. १९८९ चा वारसा म्हणतात तो हा.

भारत म्हणजे चीन नव्हे, हे मला मान्य आहे. मी हे लिहू शकतो, तुम्ही वाचू शकता. योगायोग बघा, बीजिंगचा चौक भरायच्या काही आठवडे आधी, २८ मार्च १९८९ ला, आपल्याकडे अठरा वर्षांच्या मुलामुलींना मताचा हक्क मिळाला. पण त्याच मुलांना स्वतःच्या कॉलेजात मत नाही! नव्वदच्या दशकात हाणामाऱ्यांचं कारण देऊन महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या गेल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणण्याची तरतूद झाली. २०१९ मध्ये विधानसभेचं निमित्त सांगून त्या पुढे ढकलल्या. त्यानंतर सरकारं आली नि गेली, निवडणूक काही आली नाही. हाणामारी तर विधानसभेच्या निवडणुकीतही होते. ती कुणी बंद करत नाही.

मालवणच्या बंदरात पर्ससीन आणि एलईडी मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमार उठतो, तेव्हा त्याला कुणी "गप मासे मार" म्हणत नाही. मग एसटीची सकाळची फेरी बंद झाल्याने ज्या मुलीचं पहिलं लेक्चर बुडतं, तिनेच गप्प का बसावं?

आता थोडं आपल्या समाजाला. उइघुरांसाठी आपण दुआ मागतो, मेसेज पुढे पाठवतो. पण घरातल्या पोराने एखाद्या निवेदनावर सही केली की अम्मी-अब्बा दोघांच्याही पोटात गोळा येतो. ही भीती खोटी नाही. १५ डिसेंबर २०१९ ला जामियाच्या ग्रंथालयात घुसलेले पोलीस सगळ्यांनी पाहिले. उमर खालिद सप्टेंबर २०२० मध्ये गजाआड गेला आणि वर्षांमागून वर्षं उलटली तरी खटला उभा राहिला नाही. तरीही मुलांना गप्प बसवणं हा त्यावरचा इलाज नाही. एकटं पोर सहज उचललं जातं. त्याच्यामागे त्याचं कॉलेज, गाव आणि सगळ्या जातीधर्मांचे सोबती उभे असतील, तर उचलणाऱ्यालाही विचार करावा लागतो. निवडून आलेली विद्यार्थी परिषद नेमकी अशीच सोबत देते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नाथ पैंच्या तसबिरीला हार घालायला येणाऱ्या प्रत्येक आमदार-खासदाराला विचारा, कॉलेजच्या निवडणुका कधी घेता? अठरा पूर्ण होऊन गावच्या मतदार यादीत नाव आलेली मुलं ग्रामसभेची सदस्य असतात, त्यांना तिथे पाठवा. आणि आपल्या जमातीच्या बैठकीतही पोरापोरींना बसायला जागा द्या, बोलायलाही द्या. आज आपणच त्यांना गप्प बसवलं, तर उद्या सरकारला ते काम करायची गरजच उरणार नाही.