आम्ल कपाटात; उतारा कोठे?

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एका लहानशा प्रयोगशाळेत घडलेला अपघात रासायनिक सुरक्षिततेच्या अभ्यासात आजही दाखला म्हणून सांगितला जातो. तेलविहिरींतून आलेल्या खडकांच्या नमुन्यांवर ३७ वर्षांचा एक तंत्रज्ञ एकटाच काम करीत होता. ७० टक्के तीव्रतेचे हायड्रोफ्लोरिक आम्ल त्याच्या मांड्यांवर सांडले. सांडलेले आम्ल फार तर पाण्याच्या एका पेल्याएवढे होते. हातांत रबरी मोजे होते, मांड्यांवर मात्र संरक्षण नव्हते. त्याने हाताशी असलेल्या बारीक नळीने पाय धुतले आणि मागच्या बाजूच्या पोहण्याच्या तलावात उडी घेतली. त्याच्या शरीराचा केवळ ९ टक्के भाग भाजला होता. सातव्या दिवशी त्याचा उजवा पाय कापावा लागला आणि पंधराव्या दिवशी तो मरण पावला. या आम्लावरचा उतारा वैद्यकाला चांगला ठाऊक होता. अपघाताच्या जागी मात्र तो लावला गेला नाही.

हा अपघात दूरच्या देशातला असला तरी त्यातून निघणारा प्रश्न परका नाही. जेथे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी खडक विरघळवितात, जेथे स्टेनलेस स्टीलवरील काळा थर आम्लात बुडवून काढला जातो, जेथे काचेवर नक्षी कोरली जाते, तेथे तेथे हे आम्ल असते. आम्लाची बाटली विकत घेणाऱ्या संस्थेने तिच्यासोबत उतारा विकत घेतला आहे काय, आणि बाटली उचलणाऱ्या माणसाला तो कोठे आहे हे ठाऊक आहे काय, एवढाच हा प्रश्न आहे. विज्ञानाने आपले उत्तर केव्हाच दिले आहे. आता उत्तर द्यावयाचे आहे ते संस्था, मालक, शासन आणि कामगार चळवळ यांनी.

या आम्लाचा पहिला धोका त्याच्या नावलौकिकातच आहे. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याची गणना दुर्बल आम्लांत होते, कारण पाण्यात त्याचे विघटन अल्प प्रमाणात होते. पुस्तकातला हा दुर्बलपणा शरीराच्या दृष्टीने घातक ठरतो. विघटन न झालेले रेणू कातडीतून सहज आत शिरतात आणि खोलवर उतरतात. तेथे मोकळा होणारा फ्लोराइड पेशींतील आणि रक्तातील कॅल्शिअम व मॅग्नेशिअम बांधून टाकतो. हृदयाचे ठोके नियमित पडण्यास रक्तातील कॅल्शिअम आवश्यक असते. ते घटले की हृदयाची लय बिघडते. म्हणूनच तीव्र आम्ल तळहाताएवढ्या कातडीवर पडले तरी जीव जाण्याचा संभव असतो. गंधकाम्लाने भाजलेला माणूस तत्काळ ओरडतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल ५० टक्क्यांहून तीव्र असेल तर वेदना लगेच होते. परंतु २० टक्क्यांहून सौम्य द्रावण अंगावर पडल्यास २४ तासांपर्यंत काहीच न जाणवणे शक्य असते. काही झाले नाही असे समजून कामगार घरी जातो, आणि रात्री बोटे ठणकू लागतात तेव्हा उपचाराचा मोलाचा वेळ निघून गेलेला असतो.

उतारा साधा आहे. अडीच टक्के कॅल्शिअम ग्लुकोनेट असलेले जेल, म्हणजे पारदर्शक मलम, कातडीवर चोळावयाचे. फ्लोराइडला शरीरातील कॅल्शिअमऐवजी मलमातील कॅल्शिअम मिळते. तयार जेल मिळत नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या वैद्यकीय जेलीत शंभर भागांस अडीच भाग कॅल्शिअम ग्लुकोनेट मिसळून रुग्णालयातील औषधनिर्मात्याला ते बनविता येते. कॅल्शिअम ग्लुकोनेटचे इंजेक्शन भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते दुर्मिळ नाही की महागही नाही.

तात्काळ करावयाच्या उपायांचा क्रम प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. आम्ल अंगावर पडताच कपडे, जोडे, घड्याळ काढून टाकावे आणि त्याच वेळी भरपूर वाहत्या पाण्याखाली तो भाग धुवावा. जेल जवळ असेल तर पाच मिनिटे धुऊन लगेच जेल लावावे. नसेल तर मदत येईपर्यंत धूत राहावे. जेल चोळणाऱ्याने स्वतः रबरी मोजे घालावेत, नाहीतर एकाच्या जागी दोन जखमी होतात. जेल पुनःपुन्हा लावीत राहावे आणि वेदना थांबली तरी रुग्णालयात जावेच. आम्ल डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे; कातडीचे जेल डोळ्यांत घालू नये. वाफ छातीत गेली असेल तर माणसाला मोकळ्या हवेत आणावे. आम्ल पोटात गेले असेल तर ओकारी काढू नये. रुग्णालयात पोहोचताच रसायनाचे नाव स्पष्ट सांगावे आणि बाटलीवरील चिठ्ठीची नक्कल डॉक्टरांच्या हाती द्यावी. ‘ॲसिड पडले’ एवढेच सांगितल्यास डॉक्टर साध्या भाजण्याचा उपचार करतील. या रुग्णाला मात्र हृदयाच्या आलेखावर सतत नजर आणि गरजेप्रमाणे शिरेतून कॅल्शिअम लागते.

अपघात होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजीही तितकीच साधी आहे. हे आम्ल काच खाते, म्हणून ते पॉलिएथिलीनच्या बाटलीत ठेवावे. ते वायू ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच वापरावे, आणि हूडचा पंखा चालतो की नाही हे आधी पाहावे. जाड निओप्रीनचे लांब मोजे, रबरी एप्रन, चष्मा आणि चेहऱ्यावर ढाल हवी. शस्त्रक्रियेचे पातळ मोजे येथे कामाचे नाहीत. कोणीही एकट्याने हे काम करू नये. सांडलेल्या आम्लावर वाळू टाकण्याची सवय येथे घातक आहे; वाळूतील सिलिकाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. त्यावर चुना किंवा खडूची भुकटी टाकावी. आणि या सर्वांच्या आधी विचारावे की हे आम्ल वापरल्यावाचून काम होणार नाही काय? जेथे कमी घातक रसायनाने भागते तेथे हे आम्ल आणणे हाच पहिला निष्काळजीपणा होय.

इतके सारे ठाऊक असताना माणसे का मरतात? याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की खासगी उत्पादनाचा खर्च जेवढा वहीत दिसतो तेवढाच नसतो. त्याचा मोठा भाग कामगारांच्या आणि समाजाच्या माथी मारलेला असतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल हे या सिद्धांताचे ठळक उदाहरण आहे. मोजे, शॉवर, जेल आणि दुसऱ्या माणसाची हजेरी यांचा खर्च संस्थेच्या वहीत आज, खर्चाच्या रकान्यात पडतो. गळून गेलेल्या बोटांचा, बुडालेल्या मजुरीचा, विधवेच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च त्या वहीत कधीच पडत नाही. तो कामगाराच्या घरी पडतो. म्हणजे जी काटकसर म्हणून मिरविली जाते ती वस्तुतः काटकसर नसते. तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून लेखी करार न करता घेतलेला कर्जाचा पैसा असतो, आणि तो परत फेडला जात नाही.

हा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. फ्लोरीन मूलद्रव्य वेगळे काढण्याच्या धडपडीत बेल्जियमचा लुए आणि फ्रान्सचा निक्लेस हे रसायनशास्त्रज्ञ प्राणास मुकले. आयर्लंडचे नॉक्स बंधू विषबाधेने जर्जर झाले. अखेरीस आंरी म्वासाँ याने १८८६ साली ते काम साधले आणि १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानाच्या इतिहासाने या हुतात्म्यांची नावे जपली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांनी धोका जाणून पत्करला होता. आज बाटल्या विसळणारा प्रयोगशाळा परिचर, कंत्राटदाराने पाठविलेली सफाई कामगार स्त्री, पिकलिंगच्या टाकीपाशी उभा असलेला परप्रांतीय मजूर यांना धोका पत्करण्याचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत असते. मस्टरवर ज्याचे नाव नाही त्याला प्रशिक्षणाला कोण बोलावणार?

माहिती दडपण्याचे किंवा न पोहोचविण्याचे फळ काय असते, हे या देशाने १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. तोंडावर ओले फडके धरावे, एवढे सांगणारेही त्या रात्री वस्त्यांत कोणी नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व शेजारच्या जनतेला देणे बंधनकारक झाले, सुरक्षा समितीत कामगारांचे व व्यवस्थापनाचे समान प्रतिनिधी आले आणि नजीकचा धोका दिसताच इशारा देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. १९८९ च्या नियमांनी रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक सक्तीचे केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. धोकादायक प्रक्रियांची कलमे संहितेतही आहेत. परंतु कारखान्याच्या व्याख्येसाठी लागणारी कामगारसंख्या वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० वरून २० आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० करण्यात आली आहे. आम्लाच्या टाक्या अनेकदा लहान शेडमध्येच असतात, हे लक्षात घेता या बदलाचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. आणि महाविद्यालयातील विद्यार्थी तर कामगारच नव्हे. त्याचे संरक्षण प्राचार्यांच्या सदिच्छेवर सोडलेले आहे.

दक्षिण कोरियातील गुमी शहराचा अनुभवही येथे आठवावा. २७ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील एका कारखान्यात टँकरमधून हायड्रोजन फ्लोराइड उतरविताना सुमारे आठ टन वायू निसटला. पाच माणसे मेली, हजारो लोकांना उपचार घ्यावे लागले, आसपासची पिके करपली आणि सरकारला तो भाग विशेष आपत्तिग्रस्त म्हणून जाहीर करावा लागला. त्यानंतर तेथे रासायनिक नियंत्रणाचा नवा कायदा झाला व तो २०१५ पासून अमलात आला. कायदा होण्यासाठी आधी प्रेते पडावी लागतात, ही रीत पूर्वेत काय आणि पश्चिमेत काय, सारखीच दिसते.

मालकवर्गाचे ठरलेले उत्तर असे असते की अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाने होतात. हात कधीतरी घसरणारच, हे खरे आहे. पण म्हणूनच घसरलेल्या हाताची किंमत प्राणाने चुकवावी लागणार नाही अशी व्यवस्था हवी. पर्थच्या तंत्रज्ञाचा हात एकदा घसरला. त्याच्यासाठी मांड्या झाकणारा एप्रन, दुसरा माणूस आणि जेल यांची तजवीज न होणे ही मात्र रोजची चूक होती.

तथापि सारा दोष समोरच्या पक्षावर ढकलून चालणार नाही. कामगार चळवळीनेही अनेक ठिकाणी धोका हटविण्याऐवजी धोक्याचा भत्ता मागितला, दूध आणि गूळ पदरात पाडून घेतले व तेवढ्यावर समाधान मानले. भत्ता मिळाला की धोका करारात शिरतो आणि कायम होतो. शरीर ही विकावयाची वस्तू नव्हे असे मानणाऱ्या समाजवादी चळवळीला ही देवघेव शोभणारी नाही.

यापुढे मागणी नेमकी असली पाहिजे. जेथे हायड्रोफ्लोरिक आम्लाची बाटली आहे तेथे मुदत न संपलेले कॅल्शिअम ग्लुकोनेट जेल आणि चालू स्थितीतला शॉवर असल्यावाचून ती बाटली उघडता कामा नये. माहितीपत्रक व तात्काळ उपायांचा फलक मराठीत आणि जेथे मजूर हिंदी किंवा अन्य भाषा बोलतात तेथे त्या भाषेत लावला पाहिजे. कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतकेच प्रशिक्षण मिळाले पाहिजे. औद्योगिक वसाहतीजवळच्या सरकारी रुग्णालयात या आम्लाच्या उपचाराची माहिती व औषधसाठा असला पाहिजे. शैक्षणिक प्रयोगशाळांना कायद्याची स्पष्ट तरतूद लागू झाली पाहिजे.

या मागण्यांसाठी मंत्रालयावरच्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षक व शिक्षकेतर संघटनांतील साथींनी येत्या आठवड्यात आपापल्या महाविद्यालयातील कपाट उघडून पाहावे, युनियनच्या प्रतिनिधींनी टाकीजवळची भिंत पाहावी, आरोग्यसेवेतील मित्रांनी रुग्णालयाच्या औषधभांडाराची नोंद पाहावी. आम्ल सापडले आणि उतारा सापडला नाही, तर तेथेच लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. जेलची एक नळी मिळविण्यासाठी केलेली ही लढाई लहान वाटेल. परंतु कामगाराच्या कातडीची किंमत वहीत मांडावयास संस्थेला भाग पाडणे, हे समाजवादाच्या कामातले लहान काम खचितच नव्हे.